कानाशी कांडी

कोणतीही नवी वस्तू हातात आली की दादा ती आधी कानाशी न्यायचे. डाव्या हाताच्या दोन बोटांत सैल धरायची, उजव्या हाताच्या नखानं टिचकी मारायची आणि डोळे मिटायचे. पेन, चमचा, कॉफीचा मग, काहीही. आपण समोर काही विचारत उभे असलो तरी तेवढ्या वेळात उत्तर मिळत नसे. मग डोळे उघडून म्हणायचे, "आधी ऐकायचं. बघायचं काय, ते मागनं पण बघता येतंय की."

रेगेन्सबर्गजवळच्या एका मोटारींच्या कारखान्यात आम्ही एकाच मजल्यावर काम करायचो. मी सीटच्या कंपनांवर, ते आवाजांवर. गाडीतले नको असलेले आवाज शोधून काढायचे आणि बंद करायचे, हे त्यांचं काम. एकदा एका नव्या गाडीत कुठूनतरी चिरचिर यायची, तीही फक्त थंडीत. सगळ्यांनी डॅशबोर्ड खोलून पाहिला. हे मागच्या सीटवर डोळे मिटून बसले, चालकाला पार्किंगमध्ये गाडी सावकाश फिरवायला लावली आणि सीटबेल्टच्या पट्ट्याच्या वरच्या प्लॅस्टिकच्या झाकणावर बोट ठेवलं. आवाज थांबला. जर्मन साहेब "गेनाऊ, गेनाऊ", अगदी बरोबर, असं करत राहिला. हे म्हणाले, "आल्झो, तर मग आता जेवायला जाऊया."

ते मूळचे इचलकरंजीचे. वय पन्नाशीच्या पुढे, अंगानं सडपातळ, लग्न केलेलं नव्हतं. कुणी विचारलं तर "राहिलं ते राहिलं" एवढंच. मी त्यांना दादा म्हणायची. आमच्या मराठी मंडळातली पोरं कांडीकाका म्हणायची, आणि ते नाव त्यांना का पडलं हेच मला सांगायचं आहे.

तुमच्यापैकी कुणी इचलकरंजीच्या यंत्रमागांच्या गल्लीतून गेलं असेल तर त्याला तो आवाज माहीत असेल. खटखट म्हणावं तर खटखट नाही, कारण शेकडो माग एकदम चालतात आणि त्यांची एक जाड घरघर होते. ती पायांतून वर चढते. "आमच्या घराची आणि शेडची भिंत एकच," ते सांगायचे. "भिंतीला टेकून बसलं की पाठीत माग चालायचा. मी त्याच्यावरच अभ्यास केला. पहिल्यांदा हॉस्टेलवर राहायला गेलो तर झोपच येईना." वडील मागावर कामाला होते. आई घरी बसून कांड्या भरायची. धोट्यात बसते ती नळी म्हणजे कांडी. तिच्यावर आडवं सूत गुंडाळलेलं असतं, धोटा या टोकाकडून त्या टोकाकडे धावतो आणि कांडी उलगडत जाते. पुढं वडील गेले, आई स्वतः शेडमध्ये उभी राहिली. तिचे कान कधी गेले ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. मागावरची सगळीच माणसं मोठ्यानं बोलतात.

जर्मनीत आल्यावर एका शनिवारी ते जुन्या बाजारात फिरत होते. डॅन्यूब नदीच्या काठावर भरतो तो. पितळी दिवे, कपबश्या, कुणाच्या तरी आजोबांच्या हॅट. तिथं एका सिगारच्या खोक्यात त्यांना लाकडी कांड्या दिसल्या. "मी उभाच राहिलो," ते म्हणाले. "म्हटलं, ह्या इकडं कशा आल्या?" विकणारी बाई म्हणाली, ह्या क्ल्यॉपेल, लेस विणायच्या. त्यांनी एक उचलली आणि अर्थातच कानाशी नेली. टिचकी मारल्यावर एक आवाज आला आणि त्याच्या पाठोपाठ आणखी एक, बारीक, जणू आत कुणीतरी दारामागून उत्तर दिलं. ते खोकं त्यांनी घेतलं.

पुढच्या काही वर्षांत त्यांच्या घरातले सगळे कप्पे कांड्यांनी भरले. काटे-चमचे ठेवायच्या ट्रेमध्ये कांड्या, आणि काटे-चमचे पाण्याच्या ग्लासात उभे. रविवारी दुपारी मी माझ्या मुलीला घेऊन जायची. बाहेर नोव्हेंबरचं धुकं खिडकीला टेकलेलं असायचं, समोरचं चर्च दिसायचं नाही, फक्त त्याची घंटा यायची. ते टेबलावर एक जाड पांढरा टॉवेल अंथरायचे आणि एकेक कांडी काढून ठेवायचे. बोलणं हळू. त्या खोलीत वेळ कुठं जायचा ते कळायचं नाही.

त्या दोन आवाजांचं कोडं त्यांनी पहिल्याच वेळी उलगडून दाखवलं. आमच्याकडच्या, म्हणजे चेक सरहद्दीच्या जंगलातल्या गावांतल्या आणि पलीकडच्या डोंगरातल्या कांडीला वरून एक पातळ लाकडी नळी चढवलेली असते. सूत तिच्या आत. "झबलं घातलंय बघ," ते म्हणायचे. घराघरांत चुली, हात काजळीचे, सूत मात्र पांढरं राहायला पाहिजे, म्हणून हे झबलं. ते थोडं सैल असतं, त्यामुळं कांडी कांडीला लागली की आधी लाकूड वाजतं आणि मग झबलं.

बेल्जियमच्या फ्लँडर्सकडची कांडी खाली कांद्यासारखी फुगीर. तिचा आवाज भरलेला, शांत. इंग्लंडच्या मधल्या भागातली काडीसारखी बारीक, आणि वजनासाठी तिच्या बुडाला काचेच्या मण्यांचं कडं. ती ठेवायच्या आधीच किणकिणायची. त्याच देशाच्या नैऋत्येकडची मात्र बिनमण्यांची, गुळगुळीत, टोकाला निमुळती, कारण तिथं कांडी विणीच्या भोकातून ओवून काढावी लागते, मणी असले तर अडकणार. इटलीतल्या एका कांडीला अजून ऑलिव्हच्या लाकडाचा वास होता. आलुबुखाराच्या लाकडाची, नासपतीच्या लाकडाची, आणि हाडाची. हाडाची टिचकी कोरडी, दातावर नख मारल्यासारखी.

हाडाच्या कांड्यांवर बारीक टिंबं टोचून नावं लिहिलेली असायची आणि टिंबांत लाल-निळा रंग भरलेला. एखाद्या मुलीचं नाव, तिला ती कुणीतरी प्रेमानं दिलेली. कुठं बाळाचा जन्म, कुठं वारलेला भाऊ. ज्या कांडीवर नाव होतं तिच्या मानेला सुतानं खाच पडलेली असायची. "नुसती शोभेला ठेवली न्हवती," ते म्हणायचे. "रोज वापरली. त्या भावाला रोज हातात घेतलं तिनं."

फार पूर्वी, लाकूड कोरून कांड्या करायच्याही आधी, कोंबडीची किंवा मेंढीची लहान हाडंच वापरत असं म्हणतात. ते खरं का, असं मी विचारलं. "असंल," ते म्हणाले. "गरिबाच्या घरात जे असतंय त्याचीच कांडी होते." मग राजेलोकांच्या गळ्यात लेस आली, गावंच्या गावं विणायला बसली, लहान पोरी शाळेऐवजी विणायच्या उशीशी बसल्या. आणि शेवटी यंत्रं आली. यंत्राची लेस भराभर निघायला लागल्यावर कित्येक घरांतल्या कांड्या चुलीत गेल्या. हे सांगताना ते जरा ओशाळल्यासारखे हसायचे. "आमच्याच भाऊबंदांनी मारल्या ह्या. यंत्रमागवाल्यांनी. आणि मी त्यांच्यातलाच, ह्या गोळा करत बसलोय."

गोळा करून त्यांचं समाधान होईना. सरहद्दीजवळच्या एका गावात पूर्वी लेस शिकवायची शाळा होती, तिच्या जुन्या इमारतीत अजूनही काही बायका शनिवारी विणायला जमतात. हे तिथं जायला लागले. बायकांमध्ये एकटा पुरुष, त्यातून कोल्हापूरकडचा. शिकवणारी बाई ऐंशीच्या पुढची, पाठीला पोक आलेली. मी एकदा त्यांच्याबरोबर गेले होते. भुसा भरलेली लोडासारखी उशी, तिच्यावर टोचलेल्या टाचण्या, आणि समोर लोंबणाऱ्या कांड्यांच्या जोड्या. एका सुताच्या दोन टोकांना दोन कांड्या, त्यामुळं एकटी कांडी कधी कामाला येत नाही. पीळ द्यायचा, एकमेकींवरून न्यायची, टाचणी. पुन्हा पीळ. सगळं विणकाम एवढ्यावरच. पण दहाबारा बायका एकदम विणायला लागल्या की त्या खोलीत असा आवाज भरतो की काय सांगू. वाळक्या शेंगा वाऱ्यानं हलाव्यात तसा. कुणी बोलत नव्हतं. हे त्यांच्यात मान खाली घालून बसले होते आणि ओठांत मराठीत पुटपुटत होते, "पीळ, वरून, खालून."

"लांगझाम," म्हातारी म्हणाली. सावकाश.

"आई पण हेच म्हणायची," ते मला म्हणाले.

म्हातारीनं मला सांगितलं, "मला चूक दिसायच्या आधी ह्याला ऐकू येते." ते खरं होतं. बोटांनी चूक केली की ती डोळ्यांना दिसायच्या आधीच ते थांबायचे.

गणपतीच्या कार्यक्रमात ते पोरांना चादरीच्या पलीकडे बसवायचे आणि अलीकडे टेबलावर एकेक कांडी टाकायचे. "ही कशाची?" पलीकडून उत्तर जर्मनमध्ये यायचं. "होल्त्स." "क्नोखन." लाकूड, हाड. माझी मुलगी मराठीत विचारलेल्या कुठल्याही प्रश्नाला जर्मनमध्येच उत्तर द्यायची. पण एकदा ती म्हणाली, "झबलं." त्यांनी चादरीवरून तिच्याकडे पाहिलं आणि रुमाल काढून चष्मा पुसला.

एक दिवस ते कामावर आले नाहीत. संध्याकाळी मी फोन केला. "सकाळी उठलो तर सगळं एकदम गप," ते म्हणाले. "मला वाटलं, रात्री बर्फ पडला. बर्फ पडल्यावर गाव कसं होतंय, तसं. पडदा सारला तर बर्फ नव्हता."

डावा कान गेला होता. इथं त्याला ह्योरस्टुर्त्स म्हणतात, काही कारण न सांगता कान बसतो. डॉक्टरीण बाईंनी औषधं दिली, विश्रांती सांगितली. थोडं ऐकू परत आलं, पण त्याच्याबरोबर आणखी एक गोष्ट आली. कानात आवाज सुरू झाला. शिटी वाजते का, वारा वाहतो का, असं बाईंनी विचारलं. ते म्हणाले, माग चालतात. बाईंना कळेना. मग त्यांनी जर्मनमध्ये समजावून सांगितलं, लांबच्या गल्लीतून पुष्कळ माग चालल्यासारखं. त्रास होतो का, असं विचारल्यावर म्हणाले, "ओळखीचा आहे."

हे सगळं ते मला हसत सांगत होते. पण मी त्यांना कारखान्यात पाहत होते. आमच्याकडे एक खोली आहे, तिच्या भिंती फोमच्या सुळक्यांनी भरलेल्या आहेत. त्या सगळा आवाज गिळून टाकतात. त्यांची ती लाडकी खोली. दुपारी जेवल्यावर ते उगाचच आत जाऊन उभे राहायचे आणि म्हणायचे, एवढी शांतता मी जन्मात ऐकली नव्हती. आजारपणानंतर ते पहिल्यांदा आत गेले आणि लगेच बाहेर आले. चेहरा पांढरा पडला होता. मी त्यांना खुर्ची दिली.

"आत गेल्यावर मोठा होतोय," ते म्हणाले. "बाहेर काहीच नाही ना. मग तोच राहतो."

ते पुन्हा त्या खोलीत गेले नाहीत. साहेबांनी त्यांना कागदपत्रांचं काम दिलं, तसा चांगला माणूस होता. पण मागच्या सीटवर डोळे मिटून बसायला त्यांना कुणी बोलवेना, आणि ते स्वतःहून म्हणेनात. नवी वस्तू हातात आली की कानाशी न्यायची सवय मात्र गेली नव्हती. आता उजव्या कानाशी न्यायचे. टिचकी मारायचे, डोळे मिटायचे, आणि डोळे उघडल्यावर काही म्हणायचे नाहीत.

बरं वाटायचं ते शनिवारीच. बायकांच्या कांड्या वाजायला लागल्या की कानातला माग मागं सरकतो, जातो असं नाही, पण शेजारच्या गल्लीत जातो, असं ते सांगायचे.

एका रविवारी मी थालीपीठं घेऊन गेले तेव्हा त्यांचा आईशी व्हिडिओ कॉल चालू होता. तिकडं भावजयीनं फोन धरला होता. आजी पडद्यावर इतक्या जवळ आल्या होत्या की नुसतं कपाळ आणि कुंकू दिसत होतं. दादा बोलत होते, पण आवाज नव्हता. ओठ मोठे मोठे हलवत होते. मला वाटलं फोन बिघडला. मग लक्षात आलं, मागावरची माणसं अशीच बोलतात. त्या गोंगाटात ओठ वाचूनच सगळा व्यवहार चालतो. आजींना ऐकू येत नव्हतं, पण लेकाचं एकेक अक्षर दिसत होतं. त्या मात्र मोठ्यानं बोलायच्या.

"काय? माग? कुठं माग?" आजी म्हणाल्या.

त्यांनी डाव्या कानावर बोट ठेवलं.

"कानात? कवापासनं?"

ते बोलले. ओठ हलले.

आजी पडद्यापासून जरा मागं सरल्या. मग म्हणाल्या, "मग त्यात काय झालं. माझ्या कानात हायच की. तुझा बाप गेला तवापासनं हाय. एक दिवस बंद न्हाई पडला."

दादा पडद्याजवळ सरकले. मग त्यांनी काहीतरी विचारलं, एकदोन शब्दच.

"तू कवा इचारलंस?" आजी म्हणाल्या. आवाजात तक्रार नव्हती. "सगळी म्हणायची, म्हातारीला ऐकू येत न्हाई, बरं हाय, निवांत बसलीया. म्हटलं, बसलीया तर बसलीया."

कॉल संपल्यावर त्यांनी थालीपीठ घेतलं, तोडलं, आणि तसंच ताटलीत ठेवलं. बाहेर धुक्यात चर्चची घंटा झाली.

"मला हेवा वाटायचा तिचा," ते म्हणाले. "खरं सांगतो. म्हणायचो, हिला मिळाली ती शांतता मला कधी मिळणार. इतकी वर्षं ती एकटीच ऐकत बसलीय."

वसंत यायच्या आत त्यांनी नोकरी सोडली. आम्ही सगळ्यांनी समजावलं. डॉक्टरीण बाईंनी तर स्पष्ट सांगितलं, तुमच्या कानाला गोंगाट वाईट, आणि तुम्ही गोंगाटातच राहायला निघालात. त्यांनी ऐकून घेतलं, मान डोलावली आणि तिकीट काढलं. म्हातारीच्या उशीशी शेवटचा शनिवार काढला. संग्रहातल्या बहुतेक कांड्या त्यांनी त्या बायकांना देऊन टाकल्या, हाडाच्यासुद्धा. "ठेवायच्या नाहीत, वापरायच्या," एवढी अट. आपल्यासाठी त्यांनी इथल्या झबलंवाल्या कांड्यांच्या काही जोड्या आणि एक उशी नेली. कारखान्यात त्यांच्या टेबलाशी आता एक तरुण मुलगा बसतो. हुशार आहे. कानाला हेडफोन लावून काम करतो.

गेल्या हिवाळ्यात मी कोल्हापूरला माहेरी गेले तेव्हा वाट वाकडी करून इचलकरंजीला गेले. गल्ली सापडायला पत्ता लागलाच नाही, आवाजाच्या दिशेनं चालत गेले. घर तेच, शेजारची शेडही तीच. पण मधल्या भिंतीला आतून त्यांनी जाड थर लावला होता, फोम, मग पोकळी, मग फळी. आत गेल्यावर आवाज गुडघ्यापर्यंत खाली उतरला. गल्लीतल्या मागवाल्यांनाही ते सांगून आले होते, मागाच्या पायाखाली रबराच्या गाद्या घाला, निम्मा आवाज जातो. "कुणी घातल्या का?" मी विचारलं.

"एकानं घातल्या. दुसरा म्हणाला, आवाज कमी झाला तर माग चालू हाय का बंद, मला घरी बसून कळणार कसं?" ते हसले. थोडे भरले होते. केस पूर्ण पांढरे.

दार उघडंच होतं. उंबऱ्याच्या आत ते उशी घेऊन बसले होते, कांड्या खाली लोंबत होत्या. शेजारी आजी, भिंतीला टेकून पाय पसरलेल्या, मांडीवर हिरव्या मिरच्यांचं ताट, देठं काढत होत्या. त्यांनी मला जवळ बसवून घेतलं, दंड दाबून पाहिला आणि मोठ्यानं म्हणाल्या, "वाळलीस. तिकडं काय खायाला मिळत न्हाई का?" मग लेकाकडे बोट केलं. "आणि ह्यो बघ. एवढ्या कांड्या, एवढा दिवसभर खटाटोप, आणि कापड बोटाएवढं." त्यांनी उशीवरची लेस उचलून दाखवली. खरंच बोटाएवढीच होती. त्या तिच्यावरून अंगठा फिरवत राहिल्या.

चहा झाला. मी रेगेन्सबर्गच्या गोष्टी सांगत होते आणि मला ओरडून बोलावं लागत होतं. तेवढ्यात वीज गेली.

शेडमधले माग एकामागून एक मंदावले. मग पलीकडच्या शेडमधले. मग त्याच्या पलीकडचे. आवाज गल्लीच्या टोकापर्यंत विझत गेला, आणि कुठंतरी एक कोंबडा, एक सायकलची घंटा, कुणाच्यातरी घरातली पळी, असं एकेक ऐकू यायला लागलं. मी खोल श्वास घेतला. ऊन उंबऱ्यापर्यंत आलं होतं.

आजींनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. "बंद पडलं व्हय?"

मी मान हलवली, हो.

त्या लेकाकडे वळल्या. त्याच्या कानाकडे बोट केलं, भुवया वर केल्या आणि आवाज न करता ओठ हलवले. दादांनी कांड्यांवरचे हात थांबवले, डोकं थोडं वाकडं करून ऐकल्यासारखं केलं, आणि मान हलवली, नाही. मग त्यांनी तिला तेच विचारलं. आजींनीही डोळे मिटून जरा वाट पाहिली आणि मान हलवली, नाही.

दोघंही हसायला लागली. आजींच्या मांडीवरचं ताट हलत होतं. दोनतीन मिरच्या घरंगळून खाली गेल्या तरी त्यांनी उचलल्या नाहीत. त्या शांत गल्लीत मी दोघांकडे बघत बसले होते.